सात नंबरच्या खाटेवर

ज्यांच्या घरातलं कुणी आत्ता अतिदक्षता विभागात डोळे उघडे ठेवून निपचित पडलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. तुमच्या माणसाला सगळं ऐकू येतंय. एवढं सांगून थांबलो असतो तरी चाललं असतं, पण मला थोडक्यात आटपायची सवय नाही.

तीस वर्षं मी वर्तमानपत्रात होतो. त्यातली बरीचशी लढायांच्या बातम्या देण्यात गेली. काही आपल्या सीमेवरच्या, दोनदा परदेशातल्या. उरलेल्या वेळात पाच कादंबऱ्या लिहिल्या. घोडपदेवच्या चाळीत वाढलो, वडील गिरणी कामगार, त्यामुळे माझ्या पुस्तकांत ती माणसं जशीच्या तशी यायची आणि समीक्षक मला वास्तववादी म्हणायचे. मला ते आवडायचं. जे बघतो तेच लिहितो, असं मी भाषणांतून सांगत फिरायचो.

तळव्यांना मुंग्या

आधी पोट बिघडलं. तीन दिवस जुलाब झाले आणि थांबले. त्यानंतर दहा-बारा दिवसांनी शिवाजी पार्कला सकाळची फेरी मारताना दोन्ही तळव्यांना मुंग्या आल्या. मी बूट बदलले. दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर बसलो आणि उठताना हात टेकावे लागले. तिसऱ्या दिवशी आमच्या दादरच्या इमारतीच्या पायऱ्या चढताना उजवा पाय वर येईना.

माझी बायको सुलभा मागून येत होती. ती आमच्याच पेपरात मुद्रितशोधक होती. चुका पकडण्यात तिची हयात गेली.

"पाय का ओढतोयस?"

"झोप नाही झाली नीट."

"झोपेचा पायाशी काय संबंध? वर नको जाऊस. टॅक्सी थांबवते."

परळच्या रुग्णालयात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी रबरी हातोडीनं माझ्या गुडघ्यावर ठोकलं. पाय हलला नाही. दुसऱ्यावर ठोकलं. मग घोटे, मग कोपरं. कुठंच काही हललं नाही. मी सवयीनं डायरी काढली. नाव काय, कशानं होतो, किती जण वाचतात.

"तुम्ही पत्रकार का?"

"होतो."

"मग सरळच सांगते. याला जीबीएस म्हणतात. आपलंच शरीर आपल्या नसांवर उलटतं. बहुतेक लोक यातून बाहेर येतात. पण त्याआधी तुम्ही आणखी बिघडणार. किती, ते आज मला सांगता येणार नाही."

मी ते शब्दशः लिहून घेतलं. 'बिघडणार'पर्यंत अक्षर चांगलंच तिरकं झालं होतं. थोड्या वेळानं पेन हातातून पडलं. सुलभानं उचलून बोटांत दिलं. ते पुन्हा पडलं. तिसऱ्यांदा तिनं ते स्वतःच्या पर्समध्ये टाकलं आणि चेन लावली.

पुढचे दोन दिवस मी गळ्यापर्यंत हळूहळू जात राहिलो. गुडघे, मांड्या, कंबर, बोटं, दंड. लोक विचारतात, लढाईत जास्त भीती वाटली की इथं. तोफा चालू असताना निदान जमिनीवर आडवं पडता येतं. इथं मी आधीच आडवा होतो. एका श्वासात मोठ्यानं वीसपर्यंत आकडे म्हणायला लावायचे. सकाळी मी चौदापर्यंत गेलो. दुपारी नऊ. चार वाजता सहा. मग त्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता श्वासासाठी मशीन लावावं लागेल, घरच्यांशी काही बोलायचं असेल तर आत्ता बोला.

सुलभा जवळ आली. शब्दांवर आयुष्य काढलेला माणूस मी. मी म्हटलं, "माझा चार्जर सोफ्याच्या मागे पडलाय."

"बरं," ती म्हणाली.

त्यानंतर सात आठवडे मी काही बोललो नाही.

काका

आत मला नाव नव्हतं. ड्युटी बदलताना सिस्टर एकमेकींना सांगायच्या, सात नंबर, काल ताप होता, आज नाही. समोर आल्या की काका म्हणायच्या. "काका, कूस बदलूया हं." दर दोन तासांनी मला वळवायचे. सकाळी अंग पुसायचं. मग एक्स-रेची थंडगार पाटी पाठीखाली सरकवायची. मग गळ्यातल्या श्वासाच्या नळीतून कफ ओढायचा, तेव्हा बुडाल्यासारखं व्हायचं आणि हात झाडता यायचा नाही. दहा वाजता मोठे डॉक्टर आणि त्यांच्या मागे विद्यार्थी. चार ते सहा भेटीची वेळ, एका वेळी एकच माणूस.

माझ्या पापण्या नीट मिटत नव्हत्या. डोळे सुकू नयेत म्हणून त्यांत सतत थेंब घालायचे, आणि ते गालांवरून कानांत उतरायचे.

एकदा साफसफाईच्या दोन मावशी माझ्या खाटेखालून फडकं फिरवत होत्या.

"हे पुस्तकं लिहितात म्हणे," एक म्हणाली.

"मग आता?"

"आता काय."

त्या पुढच्या खाटेकडे गेल्या. यापेक्षा अचूक माझ्याबद्दल कुणी काही बोललेलं मला आठवत नाही.

तिथं पडल्या पडल्या मला एक जवान वारंवार आठवायचा. पहाडातल्या एका फील्ड हॉस्पिटलमध्ये तो होता, विशीतला, पोटाला पट्ट्या बांधलेल्या. मी त्याच्या खाटेशी बसून विचारलं होतं, काय वाटतंय? त्यानं मान भिंतीकडे वळवली. मी बातमीत लिहिलं, 'त्यानं अभिमानानं मान वळवली.' आता माझ्याकडे लोक यायचे, वाकून तोंडाजवळ तोंड आणून विचारायचे, कसं वाटतंय? मला मानही वळवता येत नव्हती. त्या पोराला अभिमान वगैरे काही वाटत नव्हता. मी तिथून जावं एवढंच त्याला वाटत होतं.

माझी थोरली बहीण शालूताई घोडपदेवहून रोज पेजेचा डबा घेऊन यायची. नाकातल्या नळीतून मला पातळ काहीतरी जायचं, पेज चालणार नव्हती, सिस्टर रोज सांगायच्या आणि ती रोज आणायची. कपाळावर हात ठेवून म्हणायची, "तू गप रव. सगळा बरा होतला." गप राहण्याखेरीज मला दुसरं काहीच येत नव्हतं.

मुलगी सई बंगळूरहून आली. पहिल्या दिवशी ती खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली आणि मशीनवरच्या आकड्यांकडे बघत बसली. माझ्याकडे बघेना. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तिनं सिस्टरना विचारून माझी दाढी केली. दोन ठिकाणी कापलं, हनुवटीखाली पांढरे खुंट तसेच राहिले. पण दाढी करायची तर तोंडाकडे बघावंच लागतं. संपवून ती म्हणाली, "बाबा, मी फार वाईट केलीय." मग टॉवेलानं साबण पुसायला लागली. मला तिला सांगायचं होतं की उत्तम केलीयस. मी डोळे उघडे ठेवून तिच्याकडे बघत राहिलो. त्याहून जास्त माझ्या हातात काही नव्हतं.

पाठ

तिसऱ्या आठवड्यात सुलभानं पुठ्ठ्यावर बाराखडी लिहून आणली. क-ओळ, च-ओळ, ट-ओळ अशा ओळी, खाली काना-मात्रा. ती ओळींवरून बोट फिरवायची. हवी ती ओळ आली की मी पापणी, अर्धी का होईना, पाडायची. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. मग अक्षर, मग काना. एका शब्दाला दहा मिनिटं. तुमच्या माणसाची पापणी हलत असेल तर हे पहिल्याच आठवड्यात करा. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

माझा पहिला शब्द काय असणार याची तिला उत्सुकता होती. प आला, काना आला, ठ आला.

"पाठ," ती म्हणाली. "पाठव? कुणाला काही पाठवायचंय?"

दोनदा.

"प्रकाशकांना? अर्धं राहिलेलं हस्तलिखित?"

दोनदा.

"मग पाठांतर? मोहन, काय रे?"

शेजारच्या खाटेची चादर बदलणाऱ्या मावशी मागे न वळता म्हणाल्या, "पाठ खाजत असंल त्यांची."

मी एकदाच पापणी पाडली. सुलभा हसत सुटली आणि हसता हसता तिनं माझ्या पाठीखाली हात घातला. दोन दिवसांपासून उजव्या खांद्याखाली खाजत होतं.

चहा

पुढचं सांगण्याआधी एक मागची गोष्ट सांगायला हवी.

सईच्या आधी आम्हाला एक मुलगा झाला होता. सात महिन्यांचा असताना तो न्यूमोनियानं गेला. तेव्हा मी सीमेवर होतो. निरोप मिळून, मिळेल त्या ट्रकनं घरी पोचायला मला चार दिवस लागले. तोवर सगळं उरकलं होतं. दोन वर्षांनी मी त्यावर कादंबरी लिहिली. तिच्यात रुग्णालयातला एक प्रसंग आहे. आई बाळाला छातीशी धरून बसलीय, त्याचा श्वास थांबतो, ती त्याला सोडत नाही, दुपारभर तशीच बसून राहते. त्या प्रकरणावर लोक रडले. पुस्तकाला पुरस्कार मिळाला. तुम्ही तिथं होतात असं वाटतं, असं मला पत्रांतून कळवायचे.

माझं प्रत्येक लिखाण छापायच्या आधी सुलभा वाचायची. ते एकच मी तिला न दाखवता दिलं. पुस्तक हातात पडल्यावर तिनं दोन दिवसांत वाचलं आणि म्हणाली, "छपाई चांगली झालीय." त्यानंतर आम्ही त्याबद्दल बोललो नाही. सत्तावीस वर्षं.

चौथ्या आठवड्यात सईला नोकरीवर परत जावं लागलं. सुलभा एकटी यायची, स्टुलावर बसून मला पेपर वाचून दाखवायची, मध्येच म्हणायची, "इथं र्‍हस्व हवं होतं." त्या दिवशी तिनं पेपर उघडला नाही. मांडीवर घडी करून ठेवला आणि त्या घडीकडेच बघत बोलायला लागली.

"तुझ्या पुस्तकात ती बाळाला धरून बसते ना, तसं झालं नव्हतं मोहन. मी खाली चहा प्यायला गेले होते. दोन दिवस पोटात काही नव्हतं. नर्स म्हणाली, झोपलाय तो, जाऊन या. मी चहा घेतला. त्यात बुडवून एक बटर खाल्लं. बरं वाटलं म्हणून आणखी एक चहा घेतला. वर आले तर पडदा ओढलेला होता."

मशीन माझा श्वास घेत होतं आणि सोडत होतं.

"तुझं पुस्तक आलं आणि सगळे मला येऊन सांगायला लागले, शेवटपर्यंत सोडलं नाहीत हो तुम्ही त्याला. तुझ्या आईनं सांगितलं. ऑफिसातल्यांनी सांगितलं. पुरस्काराच्या दिवशी एका बाईनं माझे दोन्ही हात धरले आणि रडली. मी तिला काय सांगणार होते? नाही हो, मी बटर खात होते?"

तिनं पेपरची घडी उलटी केली.

"मला वाटायचं, तू विचारशील. कधीतरी विचारशील, नक्की काय झालं म्हणून. जगभर जाऊन अनोळखी बायकांना विचारत होतास."

सिस्टर वेळ संपल्याचं सांगायला आल्या. सुलभानं रुमालानं माझे गाल पुसले. मी सांगितलं ना, माझ्या डोळ्यांतून सतत औषध वाहायचं. तिला ते काय वाटलं, मला माहीत नाही. "येते," म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी चार वाजेपर्यंत बावीस तास होते. त्या बावीस तासांत मी छताकडे बघत वाक्यं जुळवली. इतकी चांगली वाक्यं मी आयुष्यात लिहिली नसतील. ती आली, बाराखडीचा पुठ्ठा काढला, म आला, काना आला. तिनं पुठ्ठा बाजूला ठेवला.

"माफी वगैरे नको. तुला उत्तर देता येत नाही म्हणूनच बोलले मी. देता आलं असतं तर इतकं छान बोलला असतास की मलाच तुझी समजूत घालावी लागली असती."

मग तिनं पेपर उघडला आणि अग्रलेख वाचायला घेतला.

ग्लेंडा

डाव्या पायाचा अंगठा पहिल्यांदा हलला तो ग्लेंडासमोर. ती फिजिओथेरपिस्ट. गिरगावातल्या वाडीत तिच्या पणजोबांपासूनचं घर, चाळिशीची, मराठी एकदम फास्ट. रोज माझे निर्जीव पाय उचलून सायकल चालवल्यासारखे फिरवायची आणि बोलत राहायची. चर्चची जत्रा, नवऱ्याचा हट्टीपणा, काल केलेली माशांची आमटी.

"काय सर, आज अंगठा हलवणार का? का उद्यावर टाकायचं?"

मी रोज उद्यावर टाकत होतो. एका मंगळवारी तो हलला. तिनं बोलणं थांबवलं.

"परत."

परत हलला. तिनं माझा तळवा आपल्या दोन्ही हातांत धरला. मग म्हणाली, "आता नखरे नाही चालणार हं."

बरं होणं या शब्दात जेवढं सुख आहे तेवढं त्या क्रियेत नाही. जाणाऱ्या गोष्टी पाच दिवसांत गेल्या, यायला महिने लागले. पहिल्यांदा बसवलं तेव्हा मी पोत्यासारखा कलंडलो. चमचा तोंडापर्यंत नेताना कानाला लागायचा. रात्रंदिवस पाय जळत. मी लहान मुलासारखा रडायचो, चिडायचो, एकदा शालूताईचा डबा ढकलून दिला. तिनं सांडलेली पेज पुसली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घेऊन आली. तेव्हा पेज मला चालायला लागली होती.

गळ्यातली नळी बंद करून मला बोलायला सांगितलं, त्या दिवशी सुलभा समोर होती. मी म्हटलं, "सुलू, मी..." आवाज फाटक्या पत्र्यासारखा आला.

"पाणी हवंय?"

मला पाणी नको होतं. मी म्हटलं, "हो."

घरी

तीन महिन्यांनी घरी आलो. त्यालाही आता सात महिने झाले. वॉकर घेऊन खोलीतल्या खोलीत चालतो. उजवं पाऊल अजून लोंबतं. शर्टाची बटणं सुलभा लावते. दोन बोटांनी टाईप करतो, हे लिहायला सहा आठवडे लागले. सगळेच इथवर येतात असं मी तुम्हाला सांगणार नाही. माझ्यानंतर आठ नंबरला आलेला माणूस इथवर पोचला नाही.

एकदा दुपारी धीर करून सुलभाला विचारलं, "ती कादंबरी मागे घेऊ?"

"कुठून मागे घेणार? लोकांच्या कपाटात आहे ती."

"मग काय करू?"

"काही करू नकोस. तुला नेहमी काहीतरी करायचंच असतं."

हे लिखाण मी तिला दाखवलं. चहाचा भाग काढायचा असेल तर काढ, म्हटलं. ती लाल पेन घेऊन टेबलाशी बसली. मी समोर खुर्चीत. चार पानं तिनं अर्धा तास वाचली. तिनं सांगितलेल्या आणखी दोन गोष्टी मी लिहिल्या होत्या, त्यांच्यावर तिनं आडवी रेघ मारली. त्या इथं नाहीत. मी 'खारी' लिहिलं होतं, तिथं तिनं 'बटर' केलं.

"हा भाग राहू दे," ती म्हणाली. "असाच झाला होता."

"बाकी?"

"बाकी बरोबर आहे. एक नाहीये यात."

"काय?"

"लिफ्टला रांग असायची. चारला वर पोचायचं म्हणून मी रोज चार जिने चढून यायचे. तीन महिने. माझा गुडघा तिथंच गेला."

मी तिच्याकडे बघितलं. ती टेबलाचा आधार घेऊन उठत होती. आम्ही दोघं सकाळी घरातल्या घरात फेऱ्या मारतो तेव्हा ती पावलाला पाऊल लावून चालते. ती माझ्यासाठी हळू चालते, असं मी सात महिने समजत होतो.

"दाखवलंस का कुणाला?"

"उद्या अकराची वेळ मिळालीय. एक्स-रे काढतील."

"मी येतो बरोबर."

"तुला कोण सांभाळणार तिथं?"

"आत नाही येत. बाहेर बाकावर बसेन."

तिनं पेनाला टोपण लावलं.

"बस मग," ती म्हणाली.